वारसा आणि पाचारण : मिशनऱ्यांच्या मुलांनी काय निवडले?



ऑक्टोबर महिना आला की आपल्याला मिशन रविवारची आठवण होते. पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली हा दिवस सुरू केला. त्या दिवशी आपण दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करतो, लिफाफ्यात यथाशक्ती दान घालतो आणि त्यांच्या त्यागाचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. परंतु यंदा आम्ही एका वेगळ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. मिशनरी आई-वडिलांनी आपला त्याग स्वतः निवडलेला असतो. त्यांच्या मुलांनी मात्र तो निवडलेला नसतो. ही मुले परक्या देशात जन्मतात, परक्या भाषेत खेळतात आणि एक दिवस मोठी होतात. मग त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो : आता मी काय करू? आई-बाबांचेच काम पुढे चालवू की माझी वेगळी वाट धरू?

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामाला लागू नाही असे कोणी म्हणेल. आपले फादर आणि सिस्टर तर अविवाहित असतात, तेव्हा मिशनऱ्यांची मुले हा विषय मुख्यतः आपल्या प्रोटेस्टंट बंधूंचा. हे खरे आहे आणि म्हणूनच पुढील बहुतेक उदाहरणे त्यांच्याकडचीच आहेत. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याला मानाचे स्थान दिले. तेव्हापासून कॅथलिक कुटुंबेही मुलाबाळांसह मिशनकार्याला जाऊ लागली आहेत. शिवाय जो प्रश्न त्या मुलांपुढे उभा राहिला, तोच कमी-अधिक प्रमाणात आपल्या घरातही उभा राहतो. तो कसा, ते शेवटी पाहू.

दोन घरे, तरीही बेघर

१९५० च्या दशकात जॉन आणि रूथ हिल यूसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य भारतात आले होते. येथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा ते अभ्यास करीत होते. त्यांत मिशनरी होते, सरकारी अधिकारी होते, कंपन्यांचे लोकही होते. त्यांच्या लक्षात आले की या कुटुंबांतील मुले पूर्ण अमेरिकन नाहीत आणि पूर्ण भारतीयही नाहीत. आई-वडिलांची संस्कृती पहिली, यजमान देशाची दुसरी आणि या दोहोंच्या मधल्या जागेत ही मुले आपली एक तिसरीच संस्कृती घेऊन वाढतात. म्हणून रूथ यूसीम यांनी त्यांना 'तिसऱ्या संस्कृतीतील मुले' असे नाव दिले. ते नाव पुढे जगभर रूढ झाले.

यांतील कित्येक मुले मसुरीच्या वुडस्टॉक किंवा कोडाईकनालच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकत. मसुरीची शाळा १८५४ सालची, कोडाईकनालची १९०१ सालची. काहींना तर अगदी लहान वयात बोटीत बसवून मायदेशी पाठवले जाई आणि मग आई-वडिलांची भेट वर्षानुवर्षे होत नसे. त्या देशाला सगळे 'आपला देश' म्हणत, पण मुलाने तो पाहिलेलाच नसे.

पवित्र शास्त्रात अशा माणसाचे चित्र आहे. मोशे जन्माने इब्री, वाढला इजिप्तच्या राजवाड्यात आणि संसार थाटला मिद्यानात. पहिला मुलगा झाला तेव्हा त्याने त्याचे नाव गेर्षोम ठेवले, कारण आपण परक्या देशात उपरे झालो आहोत असे त्याला वाटत होते (निर्गम २:२२). पण देवाने आपल्या लोकांना सोडवण्यासाठी याच उपऱ्या माणसाला निवडले. त्याला इब्री लोकांचे दुःख ठाऊक होते आणि फारोच्या दरबाराची रीतही ठाऊक होती. जे त्याला बोचत होते, तेच देवाने वापरले. हा धागा लक्षात ठेवून आपण काही जीवने पाहू.

'मी मिशनरी होणार नाही'

इडा स्कडर यांचा जन्म १८७० साली तामिळनाडूतील राणीपेट येथे झाला. त्यांचे आजोबा जॉन स्कडर हे आशियात आलेल्या अगदी पहिल्या अमेरिकन वैद्यकीय मिशनऱ्यांपैकी एक. वडील डॉक्टर, काकाही मिशनरी. लहानपणी इडाने दुष्काळ पाहिला होता. पुढे शिक्षणासाठी ती अमेरिकेत राहिली. आता भारतात परतायचे नाही, मिशनरी तर मुळीच व्हायचे नाही, असे तिने मनाशी पक्के केले होते. आई आजारी पडली म्हणून १८९० साली ती थोड्या दिवसांपुरती आली.

एका रात्री तिच्या दारात एकामागून एक तीन पुरुष आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. परक्या पुरुषाने, मग तो डॉक्टर का असेना, आपल्या बायकोला हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. वडिलांकडे ज्ञान होते, पण त्यांना प्रवेश नव्हता. इडाला प्रवेश होता, पण तिच्याकडे ज्ञान नव्हते. सकाळपर्यंत त्या तिन्ही बाया दगावल्या. इडाने अमेरिकेत परत जाऊन १८९९ साली वैद्यकीय पदवी घेतली आणि १९०० साली ती भारतात परतली. वेल्लोरला १९०२ साली इस्पितळ उभे राहिले आणि १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. आज देशभरातून रुग्ण जेथे जातात ते वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ते हेच.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहायला हवी. घराण्याचे नाव राखावे म्हणून इडा डॉक्टर झाली नाही. घराण्याची परंपरा तर तिने नाकारली होती. तिला हाक आली ती त्या तीन स्त्रियांकडून. वारशाने तिला त्या दारापर्यंत आणून सोडले. पण दार उघडायचे की नाही, हा निर्णय तिचा एकटीचा होता.

गवंडीकाम शिकलेला शल्यविशारद

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात झाला. वडील डोंगरातील लोकांवर उपचार करीत. ते रक्त, तो पू पाहून लहानग्या पॉलला शिसारी येई. डॉक्टरकीचे नाव नको, असे त्याने ठरवून टाकले. नवव्या वर्षी त्याला इंग्लंडला शाळेत पाठवले. १९२९ साली वडील तापाने वारले. मुलाची आणि त्यांची पुन्हा भेट झालीच नाही.

मोठा झाल्यावर पॉल बांधकाम शिकला. गवंडीकाम, सुतारकाम यांत त्याने काही वर्षे घालवली. आपण मिशनमध्ये घरे बांधू, असा त्याचा बेत होता. त्या तयारीसाठी प्राथमिक वैद्यकाचा छोटा अभ्यासक्रम घेतला आणि तेथे त्याच्या लक्षात आले की ज्यापासून आपण पळत होतो तेच आपल्याला आवडते आहे. वयाने सोबत्यांपेक्षा मोठा असताना त्याने लंडनमध्ये वैद्यकाला प्रवेश घेतला. १९४६ साली तो वेल्लोरला आला. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाला लावता येतात, हे त्याने दाखवून दिले. बोटे झडतात ती रोगाने मांस कुजून नव्हे, तर वेदना कळत नसल्यामुळे झालेल्या जखमांनी, हेही त्याने पटवून दिले. बऱ्या झालेल्या रोग्यांना पोट भरता यावे म्हणून त्याने त्यांना सुतारकाम शिकवले. हत्यार कसे धरले की जखम होत नाही, हे सांगायला बांधकामावर घालवलेली ती वर्षे कामी आली.

पॉलला कुष्ठरोग्यांच्या वस्तीत प्रथम घेऊन गेले ते चेंगलपट्टूचे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन. तेही मिशनरी डॉक्टरचे चिरंजीव आणि जन्म चीनमधला!

बांधकामावर गेलेली वर्षे 'वाया गेली' असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ते चुकीचे ठरले असते. आमच्याकडे पालक येतात आणि म्हणतात, "फादर, पोराची दोन वर्षं फुकट गेली." देवाच्या हिशेबवहीत 'फुकट' हा रकाना नाही.

चीनमध्ये वाढलेली तीन मुले

एरिक लिडेल हे नाव अनेकांना 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ सालच्या चित्रपटामुळे माहीत आहे. त्यांचा जन्म १९०२ साली चीनमधील तिआनजिन येथे झाला. लहानपणीच त्यांना व त्यांच्या भावाला इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत ठेवून आई-वडील चीनला परतले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून ते त्या शर्यतीत धावले नाहीत. चारशे मीटरमध्ये मात्र ते ४७.६ सेकंदांत सुवर्णपदकाचे मानकरी झाले. कीर्ती शिखरावर असताना १९२५ साली ते चीनला परतले आणि शाळेत विज्ञान शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १९४३ साली त्यांना वेईश्येन येथील छावणीत डांबले. तेथे आई-वडिलांपासून ताटातूट झालेली मिशनऱ्यांची कितीतरी मुले होती. लिडेल त्यांना शिकवीत, त्यांच्याशी खेळत. आई-वडिलांविना शाळेत राहिलेल्या मुलाला त्या मुलांचे मन वेगळे समजावून सांगावे लागले नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत मेंदूतील गाठीमुळे छावणीतच त्यांचे निधन झाले.

दुसरे उदाहरण पर्ल बक यांचे. काही महिन्यांची असताना त्यांना चीनला नेले. वडील प्रवचने करीत गावोगाव फिरत आणि घराकडे त्यांचे लक्ष नसे. पर्ल चिनी दाईच्या गोष्टी ऐकत वाढल्या. पुढे त्या लेखिका झाल्या. चिनी शेतकऱ्याच्या जीवनावरील त्यांची 'द गुड अर्थ' ही कादंबरी १९३१ साली आली आणि १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मिशनकार्यातील अहंकारावर त्यांनी कडक टीका केली आणि १९३३ साली त्या मिशनमधून बाहेर पडल्या. आई आणि वडील या दोघांची चरित्रे त्यांनी लिहिली. वडिलांच्या कामापायी आईने काय सोसले, ते त्यांत आहे. ही मुलगी 'बिघडली' असे त्या काळी काहींना वाटलेही असेल. पण १९४९ साली, ज्या मिश्रवंशीय अनाथ मुलांना कोणी दत्तक घेत नव्हते त्यांच्यासाठी, याच बाईंनी संस्था काढली. त्यांनी मिशन सोडले, पण लहानग्यांची कणव सोडली नाही.

तिसरे जॉन सर्व्हिस. जन्म १९०९ साली चीनमधील चेंगदू येथे. भाषा आणि लोक यांची उत्तम जाण असल्यामुळे ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात गेले. युद्धकाळात चीनमधून त्यांनी जे दिसले ते तसेच कळवले. ते वरच्यांना रुचणारे नव्हते. पुढे कम्युनिस्टांविषयीच्या संशयाच्या वातावरणात १९५१ साली त्यांना नोकरीतून काढले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. दोन देशांची माहिती असणे ही देणगी आहे, पण तिची किंमतही कधी कधी मोजावी लागते.

आपल्या मराठी मुलुखात

असे एक घराणे आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेले. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईत झाला. वडील अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. रॉबर्ट लहान असतानाच ते वारले आणि आई मुलांना घेऊन अमेरिकेला गेली. येल येथे शिक्षण घेऊन रॉबर्ट १८७४ साली स्वतःहून परत आले आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी आयुष्य वेचले. आपल्या सर्वांना प्रिय असलेले कवी नारायण वामन टिळक यांचेही कार्य नगरला याच मिशनबरोबर बहरले. याच घराण्यातील एडवर्ड ह्यूम यांचा जन्म १८७६ साली अहमदनगरला झाला. पण ते डॉक्टर झाले आणि गेले थेट चीनमधील चांग्शा शहरी. तेथे त्यांनी इस्पितळ व वैद्यकीय शिक्षण यांचा पाया घातला. एक जण जन्मभूमीला परतला, दुसरा तिसऱ्याच देशात गेला. दोघांचेही पाचारण खरे होते.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला निरनिराळ्या कारणांतील भेद शिकवला गेला. एखादी वस्तू कोणामुळे निर्माण झाली हे एक कारण आणि ती कशासाठी आहे हे दुसरे कारण. खुर्ची सुतारामुळे होते, पण ती सुतारासाठी नसते. आई-वडील मुलाच्या जन्माला कारण होतात, पण मूल त्यांच्या इच्छापूर्तीसाठी नसते. ते देवासाठी असते. ही गल्लत झाली की घरात भांडण सुरू होते.

ज्यांच्या ग्रंथांतून हा भेद आम्ही शिकलो, त्या संत थॉमस अक्वायनस यांच्याच घरी हे घडले होते. त्यांनी मोंते कासिनोच्या प्रतिष्ठित मठाचे प्रमुख व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांना मात्र भिक्षेवर जगणाऱ्या डोमिनिकन संघात जायचे होते. १२४४ साली सख्ख्या भावांनी त्यांना वाटेत पकडून वर्षभर घरच्या किल्ल्यात कोंडून ठेवले. विशेष हे की, घरच्यांना त्यांनी धर्मजीवन पत्करलेले हवेच होते, फक्त ते आपल्या पसंतीचे हवे होते!

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ याविषयी स्पष्ट आहे (परिच्छेद २२३०). वयात आलेल्या मुलांना आपला व्यवसाय व जीवनमार्ग निवडण्याचा हक्क आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे. त्यांनी आई-वडिलांचा सल्ला विश्वासाने मागावा व ऐकावा. आई-वडिलांनी मात्र व्यवसायाच्या वा जोडीदाराच्या निवडीत दडपण आणू नये. शहाणा सल्ला देणे हे दडपण नव्हे. परंतु "आमच्या तोंडाला काळं फासशील" असे म्हणणे हे दडपणच आहे.

पवित्र शास्त्र दोन्ही बाजू दाखवते. शमुवेलासारख्या थोर संदेष्ट्याने आपल्या मुलांना आपल्यामागे न्यायाधीश नेमले आणि ते लाचखाऊ निघाले (१ शमुवेल ८:१-३). हुद्दा वारशाने देता आला, पाचारण देता आले नाही. उलट तीमथ्याला आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून श्रद्धेचा वारसा मिळाला (२ तीमथ्य १:५). पण काम मिळाले ते पौलाच्या सोबतीत, घरापासून दूर. श्रद्धा घरात रुजते. काम कोणते करायचे, हे देव ज्याचे त्याला सांगतो.

आमची एक चूक

हे सारे आम्ही आज लिहितो आहोत त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, तेथील धर्मशिक्षक मास्तरांचा मुलगा आमच्याकडे आला होता. मास्तरांनी चाळीस वर्षे मुलांना प्रार्थना शिकवल्या होत्या. मुलगा बारावी झाला होता आणि पुढे काय करावे हे त्याला सुचत नव्हते. आम्ही उत्साहाच्या भरात म्हणालो, "अरे, वडिलांचं नाव राख. सेमिनरीत जा." तो गेला. दोन वर्षांनी परत आला, मान खाली घालून. मास्तर लोकांत मिसळेनासे झाले. बापलेकांचे बोलणे बंद झाले.

पुढे मास्तरांच्या अंत्यविधीला आम्ही गेलो. तोवर तो मुलगा एका इस्पितळात नर्स झाला होता. शेवटचे सहा महिने वडिलांचे सगळे त्यानेच केले होते. शवपेटीजवळ उभा राहून तो शांतपणे म्हणाला, "फादर, तेव्हा तुम्ही माझ्या बाबांबद्दलच बोललात. मला काय वाटतं, ते विचारलंच नाही."

त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याने आमचा हात हातात घेतला. वडिलांचा वारसा त्याने राखलाच होता, पण आम्ही सांगितलेल्या जागी नव्हे.

आपल्या घरात

आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे नोकरीनिमित्त आखाती देशांत राहिली आहेत. तेथे वाढलेली मुले बारावीनंतर येथे येतात. त्यांचे मराठी अडखळते, मिस्साची गाणी त्यांना येत नाहीत, नातेवाईक हसतात. त्यांचे आई-वडील मिशनरी नाहीत, पण मुलांची अवस्था थोडीफार तीच आहे. त्यांना चटकन निर्णय घेता येत नसेल, एक अभ्यासक्रम सोडून दुसरा धरावासा वाटत असेल, तर त्यांना आळशी म्हणू नका. ज्याला 'तुझे गाव कोणते' याचे उत्तर देताना विचार करावा लागतो, त्याला 'तुझे काम कोणते' या प्रश्नालाही थोडा वेळ लागणारच.

तरुणांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. केवळ आई-वडिलांना दुखवायचे म्हणून वेगळी वाट धरणे हेही स्वातंत्र्य नव्हे. तेव्हाही निर्णय त्यांच्याकडे बघूनच घेतलेला असतो, फक्त तोंड उलट दिशेला असते. इडाने नकार दिला, पण कान बंद केले नाहीत. आपल्या दारात कोण उभे आहे, ते पाहा.

कुटुंबात चर्चेसाठी

१. (पालकांसाठी) मुलाने काय व्हावे याविषयीच्या आपल्या इच्छेत त्याचे भले किती आणि आपली प्रतिष्ठा किती?

२. (तरुणांसाठी) आई-वडिलांकडून मिळालेली अशी कोणती गोष्ट आहे, जी कोणत्याही व्यवसायात मी सोबत नेईन?

३. (सर्वांसाठी) आपल्या आयुष्यातील 'फुकट गेलेली' वर्षे पुढे कधी कामी आली का?

या आठवड्यात रोझरीच्या वेळी एक गूढ मिशनऱ्यांच्या मुलांसाठी अर्पण करू या. पवित्र मरियेने बारा वर्षांच्या येशूला मंदिरात शोधले, त्याचे उत्तर तिला उमगले नाही, तरीही तिने ते अंतःकरणात जपून ठेवले. मुलांचे उत्तर उमगले नाही तर तेवढे आपल्यालाही जमावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू